सकाळी शस्त्रक्रिया, सायंकाळी घर, आणि रात्री?

गुडघा किंवा खुब्याचा सांधा सकाळी बदलावयाचा आणि रुग्णाला त्याच सायंकाळी घरी पाठवावयाचे, ही पद्धत पाश्चात्त्य देशांत आता नवलाईची राहिलेली नाही. आपल्याकडेही मोठ्या शहरांतील काही खासगी रुग्णालये तिचा पुरस्कार करू लागली आहेत. खर्च कमी, रुग्णालयातील जंतुसंसर्गाचा धोका कमी, स्वतःच्या घरी स्वस्थ झोप, असे तिचे फायदे सांगितले जातात व ते खोटे नाहीत. तरीही ज्याच्यासाठी हे सारे करावयाचे तो रुग्ण सहसा मान हलवीत नाही. ‘डॉक्टर, निदान तीन दिवस तरी ठेवून घ्या,’ अशी त्याची विनवणी असते. या विनवणीचा अर्थ भीती, अज्ञान किंवा जुन्या सवयीचा पगडा असा लावून वैद्यकीय मंडळी मोकळी होतात. नवी मुंबईसारख्या शहरात मात्र हाच प्रश्न जरा जवळून पाहिला, तर रुग्णाच्या या हट्टामागे बराच हिशेब दडलेला आहे असे दिसते, आणि तो हिशेब सर्वस्वी चुकीचा आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

ही शस्त्रक्रिया इतकी आटोपशीर कशी झाली, हे प्रथम पाहणे इष्ट. जॉन चार्नली या इंग्रज शल्यविशारदाने १९६२ च्या अखेरीस रायटिंग्टन येथील रुग्णालयात आधुनिक पद्धतीचा कृत्रिम खुबा बसविण्यास प्रारंभ केला, तेव्हा रुग्णाने कित्येक आठवडे रुग्णालयात पडून राहणे हे उपचाराचेच अंग मानले जाई. गुडघ्याचे आजच्या धर्तीचे रोपण १९७० नंतरच्या दशकात स्थिरावले. पुढे १९९० नंतर हेन्रिक केलेट या डॅनिश शल्यविशारदाने एक साधा पण अवघड प्रश्न विचारला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला अंथरुणात ठेवण्यामागे शास्त्र किती आणि परंपरा किती? केलेट यांचे काम आतड्याच्या शस्त्रक्रियांपासून सुरू झाले. परंतु त्याचे सर्वांत ठसठशीत फळ सांध्यांच्या बाबतीत मिळाले. कमरेत सुई देऊन दिलेली भूल, वेदनेचे ज्ञान नेणारी मज्जातंतूची वाट काही तास बंद करणारे इंजेक्शन, रक्तस्राव आटोक्यात ठेवणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, लघवीची नळी व जखमेतील नळी यांना शक्यतो फाटा, आणि शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच वॉकर धरून उभे करणे, अशी ही साखळी आहे. तिच्यातील एकही कडी फारशी नाट्यमय नाही. सगळ्या मिळून मात्र आठवड्याचा मुक्काम दिवसावर आला.

अमेरिकेत या बदलाला पैशाची गतीही मिळाली. तेथील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने, मेडिकेअरने, काही शस्त्रक्रिया रुग्णालयात दाखल करूनच कराव्यात अशी यादी ठेवली होती. तिच्यातून गुडघा १ जानेवारी २०१८ रोजी आणि खुबा १ जानेवारी २०२० रोजी वगळण्यात आला. त्याच वर्षी करोनाच्या साथीने खाटांची टंचाई निर्माण केली व जे संथपणे होत होते ते झपाट्याने झाले. योग्य रुग्ण निवडला, म्हणजे हृदयविकार, अनियंत्रित मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याची व्याधी अशा गोष्टी नसलेला, तर त्याच दिवशी घरी जाणाऱ्यांचे परिणाम दाखल राहिलेल्यांहून वाईट येत नाहीत, असा तेथील एकंदर अनुभव आहे. येथवर वाद नाही.

आपल्याकडे गुडघा बदलणे ही गोष्ट घराघरांत पोचली ती ऑक्टोबर २००० मध्ये. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात न्यूयॉर्कच्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केली; दुसऱ्या गुडघ्याची जून २००१ मध्ये झाली. त्या दिवसांत वृत्तपत्रांनी रोपणाच्या आकृत्या छापल्या आणि ‘आमच्या हिलाही तेच सांगितले आहे’ असे वाक्य लोकलच्या डब्यात ऐकू येऊ लागले. पण त्याबरोबर एक प्रतिमाही मनात ठसली. ही फार मोठी, देशाच्या पंतप्रधानाला रुग्णालयात अडकवून ठेवणारी शस्त्रक्रिया आहे. अशी शस्त्रक्रिया करून माणूस दिवेलागणीला आपल्या दारात उभा राहतो, हे मग पटावयाचे कसे?

शब्दांचाही काही दोष आहे. इंग्रजीत अशा रुग्णाला ‘आउटपेशंट’ म्हणतात. मराठी माणसाच्या कानाला त्याचा अर्थ ‘ओपीडी’ असा लागतो, आणि ओपीडी म्हणजे केसपेपर, लाकडी बाक, लांब रांग व दोन मिनिटांची तपासणी. ज्या कामाला दोन-तीन लाख रुपये लागतात ते ओपीडीत उरकणार, ही कल्पनाच त्याला अपमानास्पद वाटते. विम्याच्या बाबतीत तर हा गैरसमज महागात पडतो. आपल्याकडे १९८६ मध्ये मेडिक्लेम आला तो ‘किमान २४ तास दाखल’ ही अट बरोबर घेऊन, व ती अट दोन पिढ्यांच्या डोक्यात पक्की बसली आहे. आता पॉलिसीच्या व्याख्येत २४ तासांहून कमी वेळात होणारे दिवसभराचे उपचार वेगळे नोंदले जातात व त्यांचा दावा मिळू शकतो. न मिळणारा दावा बहुधा बाह्यरुग्ण विभागातील तपासणीचा असतो. पण कारकून म्हणून ज्याने उभी हयात कलमे-पोटकलमे वाचण्यात घालविली, तोही स्वतःच्या दाव्याच्या वेळी या भेदावर विसंबून राहण्यापेक्षा एक रात्र जास्त राहणे पसंत करतो. त्याला दोष का द्यावा?

मोतीबिंदूचा दाखला येथे नेहमी दिला जातो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. एके काळी मोतीबिंदू काढल्यावर रुग्णाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून त्याला दिवसच्या दिवस निश्चल निजवीत. आज तो काळा चष्मा लावून तासा-दोन तासांत रिक्षात बसतो व कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. मग सांध्यांच्या बाबतीतही लोक सरावतील, असा युक्तिवाद होतो. तथापि मोतीबिंदूचा रुग्ण स्वतःच्या पायांनी न्हाणीघरात जातो. गुडघ्याच्या रुग्णाला पहिले काही दिवस तेथेच दुसऱ्याचा हात लागतो, आणि हा हात कोणाचा, हाच या सगळ्या चर्चेतील न विचारलेला प्रश्न आहे.

एका वयाचे शहर

नवी मुंबईचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घ्यावे लागेल. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे खाडीवरील पूल १९७३ मध्ये खुला झाला आणि वाशीपर्यंत लोकल पोचली ती १९९२ मध्ये. या दोन दशकांत परळ, दादर, चेंबूरच्या भाड्याच्या खोल्या सोडून जे येथे आले ते प्रायः तिशी-पस्तिशीतले होते. शिक्षक, बँकांतील व मंत्रालयातील कारकून, टपाल व टेलिफोन खात्यातील नोकरदार. तीस वर्षांच्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरील घर स्वस्त व हवेशीर वाटते. सिडकोच्या त्या काळच्या चार मजली इमारतींना लिफ्ट नव्हती व ती हवी असे कोणाच्या मनातही आले नाही. शहरे सामान्यतः हळूहळू, थराथराने म्हातारी होतात. वाशी व नेरूळ यांचे जुने सेक्टर मात्र जवळजवळ एकदमच सत्तरीत आले. ज्यांनी ते वसविले त्यांचे गुडघे व तेथले जिने यांची गाठ आता पडली आहे.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. तिसऱ्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका व त्यांचे यजमान. मुलगा बंगळूरला किंवा त्याहून दूर. सून नोकरी करणारी, आणि सोबत राहत असली तरी सकाळी साडेसातची गाडी पकडणारी. शौचालय मुळात भारतीय पद्धतीचे. त्याच्या जागी कमोड बसविला आहे, पण न्हाणीघर इतके अरुंद की वॉकर आडवा केल्याशिवाय आत जात नाही. शस्त्रक्रियेच्या रात्री यजमानांनी, वय पंचाहत्तर, दोन वेळा बाईंना उठवून तेथवर न्यावयाचे. भुलेचा व इंजेक्शनचा अंमल ओसरला की दुखणे दुसऱ्या दिवशी अधिक जाणवते, हे डॉक्टर आधी सांगतात. पण ते मध्यरात्रीनंतर जाणवू लागले तर गोळी दुसरी द्यावी की थांबावे, पोटरी सुजली आहे ती नेहमीची सूज की रक्ताची गुठळी, हे त्या यजमानांनी ठरवावयाचे. फोन करता येतो, हे खरे. रुग्णालयात मात्र फोन करावा लागत नाही, घंटी दाबावी लागते. ‘तीन दिवस ठेवून घ्या’ या विनवणीत त्या घंटीची किंमत धरलेली असते.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलून दाखविली जात नाही. गुडघ्याचा संधिवात पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक. पन्नास वर्षे ओट्याशी उभी राहिलेली स्त्री जेव्हा रुग्णालयात राहू इच्छिते, तेव्हा तिला औषधपाण्याइतकीच रजाही हवी असते. रुग्णालयातील खाटेवर तिला कोणी चहा टाकावयास सांगत नाही. घरी परतलेली बाई ही, पायाला पट्टी असली तरी, घरी परतलेली बाईच असते. कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचे काम तरी तिच्याकडे येतेच. आपल्या समाजाला सक्तीच्या विश्रांतीचे मोल ठाऊक नाही असे नाही; बाळंतिणीची खोली हा त्याचा किती सुरेख दाखला होता! पण सासूच्या गुडघ्यासाठी तशी खोली कोणत्याही परंपरेने राखलेली नाही.

नोकरदार मुलाची अडचण वेगळी. ‘वडील ॲडमिट आहेत’ म्हटले की साहेब रजेच्या अर्जावर फारसे न वाचता सही करतो. ‘वडील घरी आहेत, पण उठता येत नाही’ या वाक्याला तेवढे वजन नाही.

बचत कोणाची?

आता थोडे आकड्यांकडे वळू. समजा, खोलीचे भाडे दिवसाला ५,००० रुपये आहे व त्याच दिवशी घरी गेल्यामुळे तीन दिवस वाचले. बचत १५,००० रुपये. या तीन दिवसांसाठी ब्युरोची बाई दोन पाळ्यांत ठेवली आणि पाळीला ८०० रुपये धरले, तर खर्च ४,८०० रुपये. पुढच्या दिवसांचा खर्च दोन्ही परिस्थितींत सारखाच, म्हणून तो सोडून देऊ. निव्वळ बचत १०,२०० रुपये. समाजाच्या दृष्टीने, म्हणजे सर्वांचे खिसे एकच मानले तर, नवी पद्धत निःसंशय किफायतशीर आहे. परंतु खिसे एकच नाहीत. रुग्णाचा विमा असेल तर १५,००० रुपये वाचतात ते विमा कंपनीचे, आणि ४,८०० रुपये जातात ते कुटुंबाचे. कारण ब्युरोच्या बाईचा पगार नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांनी विकावयाच्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या ६० दिवसांचा वैद्यकीय खर्च येतो. रात्री उशाशी बसणारे माणूस येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेचे ५ लाखांचे संरक्षण मिळू लागले, ही मोठीच गोष्ट झाली. पण तेथेही सुटल्यानंतरचे १५ दिवस औषधे व तपासण्यांपुरतेच. विमा नसलेल्या रुग्णाला तर रुग्णालय बहुधा ठोक रकमेचे पॅकेज सांगते. मुक्काम तीन दिवसांवरून शून्यावर आला म्हणून ती रक्कम त्या प्रमाणात उतरेल, अशी खात्री त्याला कोणी देत नाही.

आणि ब्युरोची बाई न ठेवता सुनेने किंवा मुलीने हे काम केले तर? मग ४,८०० रुपयेही दिसत नाहीत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात रुग्णालयातील परिचारिकेचे काम मोजले जाते; तेच काम घरातील स्त्रीने केले की ते हिशेबातून नाहीसे होते. खाट रुग्णालयातून हलली की तिच्याभोवतीचे श्रम कमी झाल्याचा भास होतो तो यामुळे. वस्तुतः ते वहीच्या एका बाजूकडून वहीच्या बाहेर गेलेले असतात.

किमतीवर सरकारचा हात पोचतो कोठवर, याचेही स्मरण येथे व्हावे. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी गुडघ्याच्या रोपणांच्या कमाल किमती बांधून दिल्या. सर्वाधिक वापरातील कोबाल्ट-क्रोमियमचे रोपण, ज्याची छापील किंमत सरासरी १,५८,३२४ रुपये होती, ते ५४,७२० रुपयांवर आले; कर वेगळा. ग्राहकाला इतका स्पष्ट लाभ देणारे निर्णय थोडेच असतात. पण बांधली गेली ती धातूची किंमत. शल्यगृहाचे शुल्क, खोलीचे भाडे, ‘पॅकेज’ या शब्दात मावणाऱ्या बाकीच्या साऱ्या गोष्टी मोकळ्याच राहिल्या. असा अनुभव गाठीशी असलेला ग्राहक नव्या सवलतीकडे संशयाने पाहतो. ‘लवकर घरी’ यात रुग्णालयाला एकाच खाटेवर अधिक रुग्ण घेता येतात, हे त्याला न शिकविताच कळते.

डेन्मार्कमध्ये हा संशय एवढा का नाही? तेथे रुग्ण घरी जातो तेव्हा त्याची जबाबदारी नगरपालिकेकडे जाते. घरी जाऊन शुश्रूषा करणे व व्यायामोपचाराची व्यवस्था पाहणे हे तेथील स्थानिक प्रशासनाचे नेमून दिलेले काम आहे. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेपूर्वीच घरातील खुर्चीची उंची, कमोडची उंची, न्हाणीघरातील कठडा यांची चौकशी होते. म्हणजे तेथे मुक्काम कमी झाला तो घराची तयारी करून मगच. आपण शेवटची पायरी तेवढी आयात करू पाहत आहो. नवी मुंबई महानगरपालिका राज्यातील सधन महापालिकांपैकी एक. वाशी, नेरूळ व ऐरोली येथे तिची रुग्णालये आहेत, वस्त्यावस्त्यांतून नागरी आरोग्य केंद्रे आहेत. ही केंद्रे उभी राहिली ती लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, हिवतापाचा बंदोबस्त यांसाठी, कारण तेव्हाचे शहर तरुण होते. गुडघ्याचे टाके पाहण्यासाठी परिचारिकेने सेक्टर नऊमधल्या तिसऱ्या मजल्यावर जावे, ही कल्पना त्या रचनेत नव्हती. आता ती असावयास हवी. तिला लागणारा पैसा एखाद्या चौकातील कारंज्याहून फार मोठा असेल असे वाटत नाही.

या शहरातला दुसरा एक मोठा वर्ग या चर्चेत सहसा धरलाच जात नाही. मुंबईतील घाऊक बाजार १९८० नंतर टप्प्याटप्प्याने वाशीस आले आणि त्यांच्याबरोबर सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतले माथाडी कामगार कोपरखैरणे, घणसोली येथे स्थायिक झाले. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना मजुरीची व भविष्य निर्वाह निधीची हमी दिली. पण पाठीवरच्या पोत्याचा भार गुडघ्यावर येतो तो कोणत्याही कायद्याने टळत नाही. हा कामगार डॉक्टरकडे जातो तोच उशिरा, दोन्ही गुडघे वाकल्यावर, आणि मग ‘एकदाच काय ते दोन्ही करून टाका’ म्हणतो. दोन्ही गुडघे एकदम बदलल्यावर त्याच सायंकाळी घरी जाणे बहुतेकांच्या आवाक्यातले नसते. कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांवर पुढे मजले चढले. वर जाण्यास पुष्कळ ठिकाणी लोखंडी उभा जिना आहे. मुलगाही बाजारातच कामाला असेल तर बापाजवळ बसण्याचा प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. त्याला रुग्णालयात बाप ठेवून कामावर जाता येते; घरी ठेवून जाता येत नाही. या कुटुंबाने मुक्काम वाढवून मागितला तर त्यास मागासलेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जास्त दिवस राहणे म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज खरा नाही. पडून राहिल्याने पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो, रुग्णालयातील जंतू घरच्या जंतूंपेक्षा चिवट असतात, आणि भेटायला येणाऱ्या नातलगांच्या वर्दळीत, थर्मास व डबे यांच्या गर्दीत विश्रांती मिळते असेही नाही. ज्यांचे घर तळमजल्यावर आहे वा लिफ्ट आहे, प्रकृती धडधाकट आहे, घरात एक जाणते व रिकामे माणूस आहे, त्यांनी त्याच दिवशी घरी यावे, यात गैर काहीच नाही; आणि अशा लोकांची संख्या पाम बीच मार्गालगतच्या उंच इमारतींत बरीच निघेल. एकाच शहरात एकाच शस्त्रक्रियेबद्दल दोन मते असण्याचे कारण शिक्षणापेक्षा इमारतीच्या वयात अधिक सापडते.

जुन्या सोसायट्यांतून बाहेरच्या बाजूने लिफ्ट बसविण्याचे ठराव अधूनमधून येतात. तळमजल्यावरचे सभासद वर्गणीस नकार देतात, पुनर्विकास होणारच आहे मग खर्च कशाला असे कोणी म्हणतो, आणि विषय पुढील सभेवर जातो. पुनर्विकासाची वाट पाहण्यात एकेका इमारतीची वर्षे गेली आहेत. तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या रुग्णाला वर नेण्याची रीत ठरलेली आहे. प्लास्टिकची खुर्ची, पुढे दोघे, मागे दोघे, त्यांत एक रखवालदार, आणि वळणावर ‘जरा थांबा, पाय सांभाळा’ असे खालून ओरडणारे यजमान. हे रात्री आठला करावयाचे की तीन दिवसांनी सकाळी दहाला, एवढेच काय ते त्या घराला ठरवावयाचे असते. आणि सकाळी दहाला चार माणसे मिळणे अवघड, कारण सारे कामावर गेलेले असतात.